डबल बेल

आष्ट्याच्या नानासोला डोंगराचं वेड लागलं ते चौतिसाव्या वर्षी, आणि तेही एसटीच्या ड्युटीवर. हे सांगितलं की लोक हसायचे. आष्ट्याच्या आसपास डोंगर म्हणून कुठे आहे? जिकडं बघावं तिकडं सपाट रान आणि उभा ऊस. घरची दीड एकर उसाची पट्टी थोरला भाऊ बघायचा आणि नानासो एसटीत कंडक्टर. लहानपणी टाकीवर चढला तरी ह्याला गरगरायचं. असला माणूस पुढं गडकोट हिंडत सुटेल असं कुणी म्हटलं असतं तर आधी त्यानंच शिव्या घातल्या असत्या.

झालं असं, की त्याला मुक्कामी गाडी लागली. माण तालुक्यात, महिमानगडाच्या पायथ्याला रात्री गाडी लावायची, देवळात अंथरूण टाकायचं आणि सकाळी साडेसातला पहिली फेरी घेऊन निघायचं. ड्रायव्हर होता कोंडीबा. तिकडचाच गडी, दहा-बारा मैलांवर त्याचं गाव. बापजाद्यांपासून मेंढरं राखणारं घर. नानासोला पहाटे जाग यायची तेव्हा कोंडीबाचं अंथरूण रिकामं असायचं. सात वाजता हा बाबा घामानं निथळत हजर. पहिल्यांदा नानासोला भलताच संशय आला. गावात ह्याचं काही आहे की काय! तिसऱ्या दिवशी तो गुपचूप मागं गेला, तर कोंडीबा गडाच्या वाटेला लागलेला.

"दिवसभर ब्रेकवर पाय ठिवून ठिवून आखडत्यात गड्या," कोंडीबा म्हणाला. "जरा मोकळं करून येतो. चल की."

नानासो गेला. अर्ध्या वाटेत त्याच्या तोंडाला फेस आला. दरवाज्यापाशी तो चक्क पायरीवर आडवा झाला. पण वर गेल्यावर पूर्वेकडं तांबडं फुटलं होतं, खाली त्यांची लाल गाडी काडेपेटीएवढी दिसत होती, आणि वारा असा सुटलेला, की गेली दहा वर्षं अंगाला चिकटलेला तिकिटाच्या पेटीचा, डिझेलचा, लोकांच्या घामाचा वास कुठल्या कुठं गेला. "आयला!" एवढंच तो बोलला. त्या दिवशी साडेसातची गाडी सात मिनिटं उशिरा सुटली. कंडक्टर मास्तरच्या विजारीला कुसळं बघून बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या.

तिथून ही जोडी जमली ती जमलीच. आगारात सांगून सवरून दोघं एकाच दिवशी सुट्टी मागून घ्यायचे. आधी जवळचं केलं. मच्छिंद्रगड, मग कुंडलच्या अंगाला सागरेश्वरचं रान. तिथं सांबरानं ह्यांच्याकडं बघितलं आणि ह्यांनी सांबराकडं, आणि आधी कोण पळालं ते दोघंही शेवटपर्यंत वेगवेगळं सांगायचे. मग वर्धनगड, भूषणगड. कमळगडावर ती जमिनीत खोल उतरणारी गेरूची विहीर बघायला कोंडीबा सरळ खाली गेला आणि पांढऱ्या सदऱ्याला तांबडी माती फासून वर आला. बायकोनं तो सदरा शेवटी पोतेऱ्याला घेतला. वासोट्याला जाताना लाँचमध्ये बसल्या बसल्या ड्रायव्हरसाहेबांनी लाँचवाल्याला वळण कसं घ्यायचं ते शिकवलं. कासच्या पठारावर लोक फुलांचे फोटो काढत होते आणि हा म्हणतो, "ह्यातलं ते निळं मेंढरानं खाल्लं तर पोट फुगतंय का न्हाई, ते बघाय पायजे." असला माणूस!

आणि प्रचितगडाची ती लोखंडी शिडी. निम्म्यावर नानासोचे हातपाय गळाले. वर जाता येईना, खाली येता येईना. कोंडीबानं वरून त्याला शिव्या दिल्या नाहीत की धीर दिला नाही. तो नुसता म्हणाला, "मास्तर, मागनं गाडी यायल्या, पाशिंजरं खोळंबल्यात. एक पायरी." मग, "अजून एक पायरी." अशा सत्तावीस पायऱ्या मोजून त्यानं त्याला वर घेतला. वर पोचल्यावर नानासो त्याच्या गळ्यात पडून रडला. बायकोजवळ कधी रडला नव्हता तो.

आता ह्या दोघांची चालायची एक रीत होती, ती सांगायला पाहिजे, कारण सगळं तिथंच येऊन अडतं. एसटीत एक टोला म्हणजे थांब आणि दोन टोले म्हणजे चल. ड्रायव्हर मागं बघत नाही. दार लागलं का, म्हातारी चढली का, पोरगं पायरीवर लोंबकळतंय का, हे सगळं कंडक्टरनं बघायचं. डबल पडली की ड्रायव्हरनं गाडी काढायची. तिथं विचारणं नाही. गाडी मागं घेताना तर खाली उतरलेल्या कंडक्टरच्या शिट्टीवर ड्रायव्हर आख्खी गाडी सोडून देतो. मागं खड्डा आहे का माणूस, त्याला काय दिसतंय? हीच रीत ह्यांनी डोंगरात नेली. पुढं कोंडीबा, मागं गळ्यात शिट्टी अडकवून नानासो. वाट फुटली की कोंडीबा थांबायचा आणि हाक द्यायचा, "व्हय का रं?" नानासो बघायचा आणि शिट्टी मारायचा. एक मारली तर थांब, दोन मारल्या तर चल. सुरुवातीला गंमत होती, नंतर अंगवळणी पडली. वीस वर्षं ती एकदाही चुकली नाही.

मधल्या काळात नानासोची पोरगी प्रांजल पुण्यात नोकरीला लागली. तिनं बापाला भारीतले बूट घेतले आणि मोबाईलवर वाटा दाखवायचं ॲप घालून दिलं. कुणीतरी चालून गेलेली वाट त्यात निळ्या रेघेनं उमटायची. नानासो त्यावर खूश. आता कोंडीबाची हाक आली की तो आधी रेघ बघायचा, मग शिट्टी मारायचा. व्हॉट्सॲपच्या भटक्यांच्या ग्रुपवर त्याचे फोटो पडायला लागले, लोक 'सर' म्हणायला लागले. बारावी नापास माणसाला कुणी सर म्हटलं की काय होतं ते सांगायला नको. फुलाचा फोटो काढायला हा अर्धा अर्धा तास उकिडवा बसायचा. कोंडीबा पुढं विडी ओढत वाट बघायचा. म्हणायचा, "झालं का रं सर?"

मग ते भाद्रपदातलं उलटलेलं ऊन आलं. गणपती बोळवून आठ दिवस झाले होते. पाटणच्या वरच्या अंगाला एक सडा आहे, म्हणजे डोंगरमाथ्यावरचं लांबच लांब सपाट कातळाचं रान. काळवटीचा सडा म्हणतात त्याला. तिथं सोनकी अशी फुलली होती, की पिवळं बघून डोळे दुखावेत. खालच्या वाडीतून दोघं सकाळी आठला चढले. दहा वाजता माथ्यावर आले आणि धुकं उतरलं. साधं धुकं नव्हे, चार हातांवरचा माणूस दिसेना. पण ह्यांना धुक्याचं काय कौतुक? पुढं कोंडीबा, मागं नानासो, मध्ये शिट्टी.

अकराच्या सुमाराला पुढून हाक आली, "व्हय का रं?"

नानासो तेव्हा गुडघ्यावर बसून सोनकीवरचा एक भुंगा टिपत होता. दव पडलेलं फूल, त्यावर भुंगा, मागं धुकं. असला फोटो जन्मात एकदा मिळतो. उठला असता तर भुंगा उडाला असता. मोबाईलवर कॅमेरा उघडा, ॲप मागं झाकलेलं. त्यानं मान वर केली नाही. रेघ बघितली नाही. दातांत शिट्टी होतीच. त्यानं दोनदा फुंकली.

डबल.

मग एक दगड सुटल्याचा आवाज आला. नंतर कारवीची झुडपं मोडत गेल्याचा कडाकडा आवाज, बराच वेळ. आणि मग कोंडीबाचा आवाज आला, तोही असा की नानासोनं तसा माणसाचा आवाज कधी ऐकला नव्हता.

भुंगा उडाला की राहिला, देवाला माहीत. नानासो धावला आणि सड्याच्या कडेवर जेमतेम थांबला. तिथं वाटच नव्हती. वाट डावीकडं वळली होती आणि समोर घळ होती, कारवीनं झाकलेली. निळी रेघ डावीकडंच दाखवत होती. ते त्यानं नंतर, घळीत रेंज शोधताना बघितलं. तेव्हा तो नुसता ओरडत होता, "कोंडीबा! कोंडीबा रं! बोल की! आरं बोल की भाड्या!"

खालून बऱ्याच वेळानं आवाज आला, "हाय. हिथं हाय. पाय गेला माझा."

कारवीच्या बुंध्यांना धरून, बसून, घसरत नानासो खाली उतरला. साठेक फुटांवर एका अंजनीच्या बुंध्याला कोंडीबा अडकला होता. उजवा पाय गुडघ्यापाशी भलत्याच दिशेला वळलेला. रक्त फारसं नव्हतं, म्हणून नानासोला जरा धीर आला. तिथंच तो चुकला, पण त्याला ते कसं कळावं? दोन काठ्या लावून त्यानं टॉवेलनं पाय आवळला. कोंडीबानं सदऱ्याची बाही तोंडात धरली होती. मग उचलायचं बघितलं. कोंडीबा म्हणजे पंचाऐंशी किलोचा गडी. चार हात वर सरकले की सहा हात खाली. तीनदा बघितलं. तिसऱ्या वेळी कोंडीबाची शुद्ध हरपली आणि नानासो त्याच्या गालावर चापट्या मारत "आरं न्हाई, न्हाई, न्हाई" एवढंच म्हणत राहिला. मोबाईलला रेंज नव्हती. हवेत धरून बघितला, दगडावर चढून बघितला, काही उपयोग झाला नाही.

"जा तू," कोंडीबा शुद्धीवर आल्यावर म्हणाला. "माणसं आण. पाणी ठिव माझ्यापाशी."

"तुला टाकून कसा जाऊ?"

"हिथं बसून काय माझी आरती करनार हायेस? जा!"

नानासो गेला. अडीच तासांची वाट त्यानं दीड तासात उतरली. दोनदा पडला, चष्मा गेला, हाताची सालटी निघाली. वाटेत तो मोठ्यानं बोलत होता. मेला तर? मेला तर मी काय सांगू? मी काय सांगू त्याच्या बायकोला? वाडीतल्या कुत्र्यांनी त्याला घेरला तेव्हा तो "पडला, कोंडीबा पडला" एवढंच ओरडत होता. गुंडा म्हणून एक म्हातारा पडवीत दोर वळत बसला होता. त्यानं आधी पाणी दिलं, मग दोन्ही खांद्यांना धरून हलवलं आणि विचारलं, "कुटं पडलाय त्ये सांग."

आणि नानासोला सांगता येईना.

कुठं पडला? सड्यावर. सड्यावर कुठं? सडा दोन मैल लांब. झाड? दगड? पाण्याचं डबकं? ओढा? नानासोला आठवत होतं ते एक सोनकीचं फूल. माणूस वीस वर्षं डोंगर हिंडतो, लोक त्याला सर म्हणतात, आणि आपला जोडीदार कुठल्या घळीत पडला ते त्याला सांगता येत नाही. मोबाईल काढला तर तो पडताना फुटलेला, काच काळी. उतरताना एखादी खूण करावी, कारवीला टॉवेलची चिंधी बांधावी, तेवढंही सुचलं नव्हतं. शिट्टीसुद्धा कोंडीबाजवळ ठेवायची सोडून ह्याच्याच गळ्यात राहिली होती.

म्हाताऱ्यानं जास्त विचारलं नाही. त्यानं वाडीतले सात गडी गोळा केले, दोन घोंगडी आणि एक लांब वासा घेतला. वाडीच्या जवळच्या वाटेनं पळतच अडीच वाजता सगळी माथ्यावर होती. धुकं तसंच. आणि मग सुरू झालं ते शोधणं. कडेनं जायचं, हाक मारायची, कान द्यायचा. पुन्हा पुढं. "कोंडीबा होऽऽ!" ओ नाही. नानासो शिट्टी फुंकत होता. एक टोला, थांब, जिथं असशील तिथं थांब, मी आलो. ओ नाही. तीन वाजले. घळी एका मागोमाग एक, सगळ्या सारख्या, सगळ्या कारवीनं भरलेल्या. साडेतीन वाजले. एक गडी दुसऱ्याच्या कानात काहीतरी बोलला आणि दुसऱ्यानं मान हलवली. नानासोनं ते बघितलं. तो त्यांच्यावर धावून गेला, "जित्ता हाय! माझ्यासंगं बोललाय त्यो!" आणि तिथंच चिखलात बसून कपाळ बडवून घ्यायला लागला. त्यानं देवाला नवस बोलले. बोलले ते नवस एवढे, की कुठल्या देवाला काय कबूल केलं तेही त्याला नंतर आठवलं नाही. माझा पाय घे, म्हणाला. माझं काय पायजे ते घे.

सव्वाचारला गुंडा म्हाताऱ्याला एका कडेवर कारवी मोडलेली दिसली. पानांची पाठ वर आलेली, ताजी. तो तसाच खाली उतरला, आणि खालून त्यानं आवाज दिला, "हाय. धुगधुगी हाय."

वाशाला घोंगड्याची झोळी बांधून कोंडीबाला खाली आणला. आठ माणसं आळीपाळीनं खांदा देत होती. नानासोनं खांदा बदलू दिला नाही. वाटेत त्याचा स्वतःचा अंगठा फुटला, नख उपटून आलं, ते त्याला कऱ्हाडला दवाखान्यात बूट काढल्यावर कळलं. जीपमध्ये कोंडीबाचं डोकं त्याच्या मांडीवर होतं. पाय गार पडला होता. नानासो तो चोळत होता, फुंकर घालत होता, पुन्हा चोळत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर बाहेर आले. गुडघ्यामागची रक्ताची नळी दबली होती, म्हणाले. जीव वाचलाय, पाय मांडीपासून काढावा लागेल. नानासोनं विचारलं, अजून लवकर आणला असता तर? डॉक्टर थकलेले होते, त्यांनी विचार न करता सांगून टाकलं. दीड-दोन तास तरी आधी यायला पाहिजे होता.

अडीच ते सव्वाचार. किती होतात, ते नानासो बाकावर बसून बोटांवर पुन्हा पुन्हा करत बसला.

तेवढ्यात रंगूबाई आली. कोंडीबाची बायको. माणहून पहिल्या गाडीनं आलेली, डोक्यावरचा पदर वाऱ्यानं विसकटलेला. नानासो उभा राहिला. सगळं सांगायचं त्यानं ठरवलं होतं, वहिनी, मी बघितलं न्हवतं, हे वाक्य तोंडात तयार होतं. ती आली आणि तिनं वाकून त्याच्या पायांवर डोकं ठेवलं. पट्टी बांधलेल्या अंगठ्यावर तिचं कपाळ टेकलं.

"तुमी हुता म्हणून माझं कुकू ऱ्हायलं," ती म्हणाली. "पाय जाऊ दे. पाय घिऊन काय करायचं हाय."

वाक्य तोंडातच राहिलं. आगाराच्या साहेबांनी विचारलं तेव्हा नानासो म्हणाला, पाय घसरला. कोंडीबाला शुद्ध आल्यावर विचारलं तेव्हा तोही तेच म्हणाला, पाय घसरला. दोघांचं जुळलं म्हणून कुणी पुढं विचारलं नाही.

मग काय, सत्कार! आगारात शाल, नारळ, हार. भटक्यांच्या ग्रुपवर हात जोडलेल्या बाहुल्यांचा पाऊस. 'सर, तुमच्यासारखा मित्र मिळायला भाग्य लागतं.' वाडीतल्या एका पोरानं काढलेला, त्याचा खांदा दिलेला फोटो कुणीतरी टाकला. त्या शालीची घडी नानासोनं आजपर्यंत मोडलेली नाही. नारळ फोडला नाही, तो तसाच सुकून गेला. प्रांजलनं फोनवर विचारलं, "बाबा, तुम्ही ग्रुप का सोडला?" तो म्हणाला, "मोबाईल हँग होतोय."

आणि दिवाळीला रंगूबाईनं त्याला भाऊबीजेला बोलावलं. भाऊ नव्हता तिला. नानासोनं शंभर कारणं सांगितली, पण ती ऐकती का? पाटाभोवती रांगोळी, समोर कणकेचा दिवा, आणि कोंडीबा पलीकडं खाटेवर, एका बाजूला सपाट पडलेलं धोतर. ती ओवाळत होती आणि नानासोच्या अंगाला कापरं भरलं होतं. "भाऊ, ताप हाय व्हय तुमास्नी?" तिनं विचारलं. तो हो म्हणाला.

ड्युटीवर तर बट्ट्याबोळच. नवा ड्रायव्हर तरणा पोरगा, गाडी काढायची घाई त्याला. आणि नानासोचा हात दोरीला जाऊन तिथंच थिजायचा. एकदा दाराशी जायचा, खाली बघायचा. परत यायचा, परत जायचा. मागच्या चाकाखाली वाकून बघायचा. "ओ मास्तर, गाडी सोडताय का उतरू?" पाशिंजरं ओरडायची. एकदा तर एक बाई चढली, बसली, तिचं तिकीट फाडून झालं, आणि नानासोनं तिला विचारलं, "तुमी चढला का?" आख्खी गाडी खदाखदा हसली. नानासोनं अर्ज दिला आणि चौकशीच्या खिडकीत जागा मागून घेतली. तिथं कुणाला चल म्हणायचं नसतं.

डोंगरावर तो परत गेलाच नाही. बूट माळ्यावर टाकले. पण दर सुट्टीला माणात जायचा. आष्ट्याहून निघायचं, दोन गाड्या बदलायच्या, दुपारी पोचायचं. कोंडीबाच्या घरापुढं लिंबाखाली खाट असायची. पोरं मुंबईला. मेंढरं कमी करून दहा ठेवलेली, ती रंगूबाई राखायची. दोघं बसायचे, आगारातलं बोलायचे, कुणाची बदली झाली, कुणाची गाडी बंद पडली. समोर लांबवर महिमानगडाचा माथा दिसायचा. त्याच्याकडं दोघंही बघायचे नाहीत.

असे आठ महिने गेले. वैशाखातल्या एका दुपारी, ऊन मी म्हणत असताना, नानासो गाडीतून उतरला तोच ठरवून. आज सांगायचं. मग कोंडीबा थुंको तोंडावर, कुबडी घालो डोक्यात. असं जगण्यात काही राम राहिला नव्हता. जेवण जात नव्हतं, वजन अकरा किलो उतरलं होतं. बायको म्हणत होती, डॉक्टरला दाखवा. डॉक्टरला काय दाखवणार?

रंगूबाई मेंढरं घेऊन ओढ्याला गेली होती. कोंडीबा खाटेवर बसून तंबाखू मळत होता.

"कोंडीबा," नानासो उभ्यानंच म्हणाला. "त्या दिशी तू हाक मारलीस. मी डबल दिली. तवा मी बघितलं न्हवतं. फोटू काढत हुतो. फुलाचा. मान वर केली न्हाई मी."

कोंडीबानं तंबाखू मळली, चुना पुसला, चिमूट तोंडात टाकली.

"म्हाईत हाय," तो म्हणाला.

नानासोला वाटलं आपल्याला नीट ऐकू आलं नाही.

"म्हाईत हाय मला. तू बघून मारतोस तवा आदी खिसा चाचपतोस, मग चष्मा, मग बोट फिरवत बसतोस. तवर माझी विडी निम्मी वडून हुती. त्या दिशी माझी हाक तोंडात हुती तवर तुझी डबल पडली. कळत न्हाई व्हय मला? वीस वर्सं ऐकतोय."

"मग गेलास कशाला?" नानासो जवळजवळ ओरडलाच. "थांबायचं हुतंस! शिव्या द्यायच्या हुत्यास मला!"

"डबल पडल्यावर थांबायची सवय कुटं हाय गड्या." कोंडीबा बाजूला थुंकला. "मलाबी फुडं दिसत न्हवतं. मनात आलं, ह्यानं काय बघितलं न्हाई. आन पाय उचलला गेला. झालं."

नानासो मटकन खाली बसला. मातीतच. आठ महिने जे छातीत दाबून ठेवलं होतं ते सगळं बाहेर आलं, नाक, डोळे, सगळं. कोंडीबानं त्याला रडू दिलं.

"राग न्हाई आला तुला?"

"आला न्हाई? रोज येतोय. रात्री ह्यो नसलेला पाय ठणकतोय तवा तुझ्या आयला-बापाला सोडत न्हाई मी. तू यायचा दिवस आला की मनात म्हंतो, आज यिऊ नये भाड्यानं. आन दुपारी गाडी दिसली न्हाई तर जीव खालीवर हुतोय. आता ह्याला काय म्हणायचं त्ये तूच सांग."

"मी वहिनीला सांगतो," नानासो डोळे पुसत उठला. "आजच सांगतो. तिचं पाया पडणं मला सोसंना. काय करायचं त्ये करू दे तिनं माझं."

कोंडीबानं त्याचं मनगट धरलं. पाय गेला होता, पण स्टिअरिंगवर आयुष्य गेलेला हात तसाच होता. नानासोला कळ आली.

"तिला सांगायचं न्हाई."

"का?"

"तिच्या देवाऱ्यात तुझा फोटू हाय. आगारातला, शाल घातल्याला. सकाळी दिवा लावती, मग मेंढरं सोडती. एवढं झालं तरी आपल्यामागं कोणतरी हुतं, ह्याच्यावर ती उभी हाय, नाना. त्ये काढून घेतलंस तर बाई बसंल. ती बसली की मी मेलो." त्यानं मनगट सोडलं. "तुला हलकं व्हायचं हाय, त्ये कळतंय मला. पर माझ्याकडनं व्हय म्हणून घिऊ नगंस. न्हाई व्हायचं हलकं."

ओढ्याकडून मेंढरांचा आवाज यायला लागला. रंगूबाई आली, मेंढरं वाड्यात कोंडली, पदरानं तोंड पुसलं आणि नानासोला बघून तिचं तोंड उजळलं. "आवं भाऊ, कवा आला? डोळं का लाल झाल्यात? धुरळा लय हाय बगा वाटंला." ती आत गेली, चहा ठेवला. शेजारच्या तिघी-चौघी बाया आणि एक नवी सून तिच्या मागोमाग उंबऱ्याशी येऊन बसल्या. ती सून दोन महिन्यांपूर्वीच गावात आलेली.

रंगूबाईनं नानासोच्या हातात कप दिला आणि स्वतः खाली टेकली.

"भाऊ, हिला सांगा की एकदा. हिनं ऐकलं न्हाई अजून. ह्ये तर काय बोलतच न्हाईत. तुमी डोंगरातनं कसं आणलं ह्यास्नी, त्ये सगळं पयल्यापास्नं सांगा."

सुनेनं पदर सारखा केला आणि कान देऊन बसली. नानासोनं कोंडीबाकडं बघितलं. कोंडीबा तळहातावर नव्यानं तंबाखू मळत होता, मान खाली घालून.

"धुकं लय हुतं," नानासो म्हणाला. "आन कोंडीबाचा पाय घसरला."